मेंदूचे चित्र आणि निर्णयातील चूक

अलीकडे निर्णयक्षमता या विषयावर जी व्याख्याने होतात आणि जे लोकप्रिय लेखन प्रसिद्ध होते, त्यांत मेंदूचे एक रंगीत चित्र हटकून असते. करड्या मेंदूत एखादा ठिपका तांबडा किंवा पिवळा झालेला दिसतो आणि वक्ते सांगतात की, मनुष्य चुकतो तो या ठिकाणी. ‘अर्ध्या किमतीत’ अशी पाटी पाहून नको असलेली वस्तू आपण विकत घेतो, बुडत्या धंद्यात गेलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून त्यात आणखी पैसे घालतो, एका अपघाताची बातमी वाचून रोजचा प्रवास धोक्याचा मानू लागतो. या सर्वांचे कारण म्हणे एकच, ते म्हणजे आपल्या मेंदूची रचना. काही दिवसांपूर्वी एका शिबिरात असेच व्याख्यान ऐकण्याचा योग आला. ते संपल्यावर मागच्या रांगेतील एका तरुणाने विचारले, ‘‘सर, मग चूक नेमकी कोणाची? माझी की माझ्या मेंदूची?’’ सभागृहात हशा पिकला आणि वक्त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. वस्तुतः त्या दिवशी विचारला गेलेला तोच एक प्रश्न विचारार्ह होता. प्रस्तुत लेख त्याच्याच निमित्ताने लिहिला आहे.

प्रथम इतिहास पाहू. निर्णयातील चुकांचा जो अभ्यास आज मेंदूविज्ञानाच्या खात्यावर जमा केला जातो, त्याचा आरंभ मेंदूकडे न पाहताच झाला. अॅमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, अनिश्चित गोष्टीचा अंदाज बांधताना मनुष्य काटेकोर हिशेब करीत नाही. तो काही ठोकळ आडाखे वापरतो. हे आडाखे बहुधा उपयोगी पडतात, परंतु काही प्रसंगी ते सर्वांना एकाच दिशेने चुकवितात. या संशोधनाची साधने होती कागद, पेन्सिल आणि नेमके प्रश्न.

त्यांपैकी १९८१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रश्न येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याशी निगडित आहे. एका साथीत ६०० माणसे दगावण्याची भीती आहे अशी कल्पना करावयाची. पहिल्या उपायाने २०० जण निश्चित वाचतील. दुसऱ्या उपायाने सर्वच्या सर्व वाचण्याची शक्यता एक तृतीयांश आणि कोणीच न वाचण्याची शक्यता दोन तृतीयांश आहे. ७२ टक्के लोकांनी पहिला, म्हणजे खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटापुढे हेच गणित मृत्यूच्या भाषेत ठेवण्यात आले. पहिल्या उपायाने ४०० जण मरतील, दुसऱ्या उपायाने कोणीही न मरण्याची शक्यता एक तृतीयांश आणि सर्व मरण्याची शक्यता दोन तृतीयांश. आता पहिला उपाय निवडणारे अवघे २२ टक्के निघाले. वाचणारे आणि मरणारे दोन्हीकडे तितकेच होते. बदलला होता तो केवळ शब्द. यालाच मांडणीचा परिणाम असे म्हणतात. त्याची उपपत्तीही या दोघांनी १९७९ सालीच दिली होती. मनुष्याला लाभापेक्षा तेवढ्याच हानीचे वजन अधिक वाटते. लाभ समोर असता तो खात्री शोधतो आणि हानी समोर असता धोका पत्करतो. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी. ट्वर्स्की १९९६ सालीच निवर्तले होते. या संपूर्ण उपपत्तीत मेंदूच्या एकाही भागाचे नाव येत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मेंदू या कथेत आला तो नंतर. २००६ साली लंडनमधील बेनेडेट्टो दे मार्टिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडणीचा हाच परिणाम एफएमआरआय यंत्रात तपासला. २० माणसांना आरंभी ५० पौंड दिल्याचे सांगून प्रत्येक वेळी दोन पर्याय देण्यात आले. एक खात्रीचा, दुसरा जुगाराचा. खात्रीचा पर्याय कधी ‘२० पौंड राखा’ असा लिहिलेला असे, कधी ‘३० पौंड गमवा’ असा. अर्थ एकच. ‘राखा’ या शब्दापुढे सुमारे ४३ टक्के वेळा जुगार निवडला गेला, तर ‘गमवा’ या शब्दापुढे सुमारे ६२ टक्के वेळा. जेव्हा माणसे शब्दाच्या ओढीप्रमाणे निवड करीत, तेव्हा अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या भागात अधिक हालचाल दिसली. शब्दाच्या ओढीविरुद्ध निवड करताना मेंदूच्या पुढील बाजूचा एक भाग अधिक सक्रिय होता. अमिग्डलाचा संबंध भय आणि भावना यांच्याशी जोडण्याची पद्धत होतीच. त्यामुळे निष्कर्ष तयारच होता की, भावना बुद्धीवर मात करते म्हणून मनुष्य चुकतो. हा प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता आणि संशोधकांची भाषाही बऱ्याच अंशी संयत होती. परंतु प्रयोगशाळेतून व्यासपीठावर येईपर्यंत तिचे रूपांतर ‘आदिम पशूचा मेंदू आणि विवेकी मानवाचा मेंदू यांचे युद्ध’ अशा नाट्यात झाले.

या यंत्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ते विचार पाहत नाही. चेतापेशींतील विद्युत्क्रियाही पाहत नाही. मेंदूच्या ज्या भागात काम वाढते, तेथे काही सेकंदांच्या अंतराने प्राणवायुयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो आणि त्या रक्ताच्या चुंबकीय गुणधर्मातील सूक्ष्म फरक यंत्र टिपते. चित्रातील एका लहानशा घनकणात लाखो चेतापेशी सामावलेल्या असतात. चित्रातील रंग संगणकाने भरलेला असतो आणि तो गणिताचा निकाल असतो. अमुक ठिकाणी दोन स्थितींमधील फरक योगायोगापेक्षा अधिक आहे, एवढेच तो सांगतो. हजारो ठिकाणी एकाच वेळी तुलना केली की काही ठिकाणे निव्वळ योगायोगाने रंगतात. २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी हे मोठ्या खुबीने दाखवून दिले. त्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखविली आणि चित्रातील व्यक्तीच्या मनात कोणती भावना असावी, असे रीतसर विचारले. आवश्यक ती गणिती दुरुस्ती न केल्यास त्या मृत माशाच्या मेंदूतही काही ठिकाणे ‘सक्रिय’ दिसली. हा विनोद होता, पण त्याचा रोख आपल्याच क्षेत्रातील शिथिलतेवर होता. त्यानंतर या दुरुस्तीबाबत बरीच शिस्त आली, हेही नमूद केले पाहिजे.

तथापि, गणित शुद्ध झाले तरी तर्काचा प्रश्न उरतोच. आणि या नियतकालिकाच्या वाचकांना तो परिचयाचा आहे. दिङ्नागाने सद्धेतूची तीन रूपे सांगितली आणि धर्मकीर्तीने ती अधिक काटेकोर केली. हेतू पक्षात असला पाहिजे, सपक्षात असला पाहिजे आणि विपक्षात मुळीच असता कामा नये. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान टिकते. कारण जेथे अग्नी नाही अशा जलाशयात धूर नसतो. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. आता ‘अमिग्डला सक्रिय आहे, म्हणून येथे भावनेने निर्णय घेतला आहे’ हे अनुमान या कसोटीवर घासून पाहावे. अमिग्डला भयाच्या प्रसंगी सक्रिय होते, हे खरे. परंतु ती सुखद गोष्टीने सक्रिय होते, नवख्या गोष्टीने होते, संदिग्ध गोष्टीनेही होते. विपक्षात हेतू ठायी ठायी आढळतो. आपल्या परंपरेत अशा हेतूला अनैकान्तिक म्हणतात. अमेरिकी संशोधक रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ सालीच ‘उलटे अनुमान’ म्हणून नेमका हाच दोष आपल्या सहकाऱ्यांच्या नजरेस आणून दिला होता. दिङ्नाग त्यांच्या वाचनात असण्याचे कारण नाही. तर्कदोष ओळखण्यासाठी तो वाचलेला असावाच लागतो, असेही नाही. आपण मात्र तो वाचूनही चित्रापुढे मान डोलावतो, याचे वैषम्य वाटते.

अनुमानाची खरी परीक्षा रुग्णांवरून झाली. अमिग्डला हेच जर मांडणीच्या परिणामाचे कारण असेल, तर ज्यांची अमिग्डला दोन्ही बाजूंनी निकामी झाली आहे त्यांच्यात तो परिणाम दिसू नये. २०१० साली अशा दोन रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांत रेमंड डोलन हे २००६ च्या प्रयोगातील एक संशोधकही होते. हे रुग्णही ‘राखा’ आणि ‘गमवा’ या शब्दांनी इतरांप्रमाणेच हलले. आपल्याच आधीच्या अर्थाला अडचणीत आणणारा निष्कर्ष प्रसिद्ध करणे हे शास्त्रज्ञाचे शील आहे. त्याबद्दल आदरच वाटतो. त्याच वर्षी दे मार्टिनो आणि इतरांनी अशाच दुसऱ्या एका चाचणीत दाखविले की, पैशांच्या हानीला लाभाहून अधिक घाबरण्याची सर्वसाधारण वृत्ती अमिग्डला गमावलेल्या दोन रुग्णांत दिसत नाही. म्हणजे त्या भागाचा काही संबंध आहे, पण जो सांगितला गेला तो नव्हे. पुढे २०१७ साली ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी १४३ माणसांवर केलेल्या अभ्यासात शब्दाच्या आहारी जाण्याच्या वेळचे मेंदूचे चित्र भावनेच्या चित्राशी जुळले नाही. ते मेंदूच्या विसाव्याच्या अवस्थेशी अधिक जुळले. त्यांच्या मते, तेथे भावनेचा उद्रेक नसून श्रम टाळणे होते. अकरा वर्षांत कारण बदलले. व्याख्यानांतील चित्र मात्र बदललेले नाही.

याचा अर्थ मेंदूविज्ञान निर्णयाविषयी काहीच सांगत नाही, असा कोणी घेऊ नये. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती नेमकी लोकप्रिय चित्राच्या विरुद्ध जाते. अंतोनियो दमासियो यांच्या ‘डेकार्ट्स एरर’ या १९९४ सालच्या ग्रंथात एलियट या टोपणनावाने एका रुग्णाची हकीकत आहे. कपाळामागील भागावर दाब देणारी गाठ शस्त्रक्रियेने काढली, तेव्हा त्याबरोबर मेंदूचाही काही भाग काढावा लागला. त्यानंतर या गृहस्थांची स्मरणशक्ती, भाषा, बुद्ध्यंक सर्व शाबूत होते. परंतु नोकरी गेली, हाती घेतलेले धंदे बुडाले, संसार मोडला. एखाद्या पेचप्रसंगातून सुटण्याचे सर्व मार्ग आणि त्यांचे परिणाम ते बिनचूक सांगत. त्यांतला कोणता पत्करावा, हे मात्र त्यांना ठरविता येत नसे. आपल्या आयुष्याची धूळधाण ते परक्याची गोष्ट सांगावी तशा शांतपणे सांगत. अशाच दुसऱ्या एका रुग्णाने पुढच्या भेटीसाठी दोनपैकी एक दिवस निवडताना जवळजवळ अर्धा तास दोन्ही दिवसांचे गुणदोष मोजले. आणि दमासियो यांनी एक दिवस सुचविताच तो निमूटपणे मान्य केला. या माणसांची बुद्धी भावनेने झाकोळलेली नव्हती. भावना लोपल्यामुळे त्यांच्या बुद्धीला काय महत्त्वाचे आणि काय क्षुल्लक हेच कळेनासे झाले होते.

भावना खाली, बुद्धी वर. एक पशूची, एक माणसाची. अशी मेंदूची मजल्यामजल्यांची कल्पना पॉल मॅक्लीन यांनी १९६० च्या दशकात लोकप्रिय केली. मेंदूच्या उत्क्रांतीचे आजचे अभ्यासक ती मानीत नाहीत. कानेमन यांनीही २०११ सालच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ या ग्रंथात शीघ्र विचार आणि संथ विचार अशा ज्या दोन व्यवस्था वर्णिल्या, त्या मेंदूच्या कोणत्याही एका भागात राहत नाहीत, ती समजावून सांगण्यासाठी योजलेली काल्पनिक पात्रे आहेत, असे स्वतःच स्पष्ट केले आहे. आपल्याकडील निरूपणकार ते पान गाळून पुढे जातात. दमासियो यांचेही सर्वच सिद्धान्त निर्विवाद नाहीत. पत्त्यांच्या खेळात शरीराला धोका आधी कळतो आणि मनाला नंतर, हा त्यांच्या गटाचा १९९७ सालचा गाजलेला निष्कर्ष होता. खेळणाऱ्यांना नीट प्रश्न विचारले असता त्यांना पुष्कळ आधी कळलेले असते, असे २००४ साली दाखविण्यात आले. एलियटची हकीकत मात्र त्या खेळावर अवलंबून नाही.

येथे ओघात एका आपल्याच सवयीचा उल्लेख करतो. असे काही वाचले की आपल्यातील काही अभ्यासकांना प्रतीत्यसमुत्पादातील वेदना आठवते आणि ‘हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते’ असे वाक्य लिहिले जाते. वेदना म्हणजे सुखद, दुःखद आणि अदुःख-असुख असा अनुभवाचा स्वाद. स्पर्शातून तिचा उदय आणि तिच्यातून तृष्णेचा, असा तो क्रम आहे. तिचे पडताळे अनुभवात शोधावयाचे असतात. तिला अमिग्डलेत नेऊन बसविले, तर २००६ साली जिंकलेला धम्म २०१० साली हरला असे म्हणण्याची पाळी येईल. धम्माला अशा प्रशस्तिपत्राची गरज नाही.

आता त्या रंगीत चित्राच्या सामर्थ्याकडे वळू. ते पटते का? २००८ साली येल विद्यापीठातील डीना वाइजबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. मानसशास्त्रातील काही घटनांची चांगली आणि वाईट अशी दोन्ही प्रकारची स्पष्टीकरणे लोकांना दिली. त्यांपैकी काहींत ‘मेंदूच्या अमुक भागात हालचाल आढळली’ अशा आशयाची, मूळ मुद्द्याशी संबंध नसलेली वाक्ये मिसळली. सामान्य वाचकांना आणि मेंदूविज्ञानाच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही त्या वाक्यांमुळे वाईट स्पष्टीकरणे अधिक समाधानकारक वाटली. तज्ज्ञ मात्र फसले नाहीत. चित्रामुळेच लोक भुलतात, असेही त्याच वर्षी कोणी म्हटले होते. तो परिणाम २०१३ साली पुन्हा तपासला असता जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे मोहिनी शब्दांची आहे, रंगांची फारशी नाही. निर्णयातील चुकांचे मेंदूच्या भाषेतील स्पष्टीकरण हेच निर्णयातील एका चुकीला आमंत्रण ठरते, असा हा काहीसा गमतीचा प्रकार आहे.

आणि ही चूक केवळ भोळ्या श्रोत्यांची नव्हे. ट्वर्स्की आणि कानेमन यांचा एक आरंभीचा निबंध १९७१ सालचा आहे. थोड्याशा नमुन्यावरून मोठा निष्कर्ष काढण्याची सवय प्रशिक्षित संशोधकांनाही असते, हा त्याचा विषय. चाळीस वर्षांनी आपल्या ग्रंथात कानेमन यांनी सूक्ष्म सूचनांमुळे माणसाचे वर्तन नकळत बदलते, असे सांगणाऱ्या अनेक प्रयोगांवर एक प्रकरण लिहिले आणि या निष्कर्षांवर अविश्वास ठेवण्यास वावच नाही, असे वाचकांना बजावले. पुढे ते प्रयोग पुन्हा करून पाहता एकामागून एक ढासळू लागले. २०१२ साली त्यांनी त्या क्षेत्रातील संशोधकांना पत्र लिहून सावध केले आणि २०१७ साली स्वतः कबुली दिली की, आपण फार लहान नमुन्यांवरील अभ्यासांवर नको तितका विश्वास टाकला. ज्या खड्ड्याचा नकाशा त्यांनीच १९७१ साली काढला होता, त्यात ते पडले. २०२४ साली दिवंगत झालेल्या या विचारवंताचा मोठेपणा त्या कबुलीने माझ्या दृष्टीने वाढला. मात्र जाणकाराला मेंदूच्या ज्ञानाने चुकीपासून वाचविता आले नाही. त्याला वाचविले ते इतरांनी पुन्हा केलेल्या तपासणीने.

चूक बाहेरून दुरुस्त होते, याचे याहूनही स्पष्ट उदाहरण वैद्यकातले आहे. अमुक रोगाचे प्रमाण इतके टक्के, चाचणी इतके टक्के वेळा अचूक, तर चाचणीत दोष दिसलेल्या व्यक्तीला तो रोग असण्याची शक्यता किती? या प्रश्नावर डॉक्टरही सर्रास चुकतात. जर्मनीतील उलरिच हॉफराग आणि गेर्ड गिगेरेंझर यांनी १९९८ साली ४८ डॉक्टरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. टक्केवारीत विचारले असता सुमारे १० टक्के उत्तरे बरोबर आली. ‘दर हजार स्त्रियांमागे दहा जणींना’ अशा मोजणीच्या भाषेत तोच प्रश्न विचारला, तेव्हा बरोबर उत्तरे ४६ टक्क्यांपर्यंत गेली. मेंदू तेच होते. प्रश्नाची घडण बदलली आणि चूक कितीतरी कमी झाली. अशा चुकीला मेंदूची चूक म्हणण्यापेक्षा प्रश्न विचारणाराची चूक का म्हणू नये?

शिबिरातील तरुणाच्या प्रश्नाचे गांभीर्य येथून पुढे कळते. कारण स्वस्ताईच्या पाटीपर्यंत हा विषय निरुपद्रवी असतो. परंतु हेच स्पष्टीकरण आता पूर्वग्रहाला लावले जाऊ लागले आहे. अपरिचित गटातील माणसाकडे संशयाने पाहणे ही मेंदूची प्राचीन प्रतिक्रिया आहे, तीत कोणाचा दोष नाही, असे सांगितले जाते. आधार म्हणून एलिझाबेथ फेल्प्स आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा अभ्यास दिला जातो. त्यात अनोळखी काळे चेहरे पाहताना गोऱ्या अमेरिकनांच्या अमिग्डलेतील हालचाल त्यांच्या नकळत पूर्वग्रहाच्या मापाशी जुळली. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा भाग असा की, सुपरिचित आणि लोकांना प्रिय असलेल्या काळ्या व्यक्तींचे चेहरे दाखविले तेव्हा ते नाते आढळले नाही. २०१३ साली ईव्हा टेल्झर आणि इतरांनी लहान मुले व किशोर यांचा अभ्यास केला. बालवयात ही प्रतिक्रिया दिसली नाही, ती किशोरवयात प्रकट झाली. आणि ज्यांचा मित्रपरिवार निरनिराळ्या वंशांचा होता, त्यांच्यात ती मंद होती. हे दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु जेवढे दिसते त्यावरून ही प्रतिक्रिया समाजाकडून शिकलेली वाटते.

आपल्याकडे तर प्रश्न अधिकच उघड आहे. जात चेहऱ्यावर लिहिलेली नसते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी क्षेत्रातील ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठविण्यात आले. पात्रता सारखी, नावे मात्र काही उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम वाटावीत अशी. बोलावणे येण्याच्या संभाव्यतेचे गुणोत्तर उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाले. अर्ज चाळणाऱ्या व्यवस्थापकाने हे निर्णय रोजच्या कामाच्या ओघात, बहुधा काही क्षणांत घेतले असतील. त्या क्षणी त्याच्या मेंदूत काहीतरी निश्चितच घडले असेल. यंत्रात ठेवल्यास एखादा ठिपका रंगेलही. परंतु आडनाव वाचून माणूस ओळखण्याचे केंद्र कोणत्याही अर्भकाच्या मेंदूत नसते. कोणते आडनाव वरचे आणि कोणते खालचे, ही यादी उत्क्रांतीने दिलेली नाही. ती घरात, शाळेत, लग्नाच्या जाहिरातींत पाठ करून घेतली जाते. तिला ‘नैसर्गिक चूक’ म्हणणे म्हणजे शिकविणाऱ्यांना सोडून देणे होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ सालच्या ग्रंथात जात ही एक मनोधारणा असल्याचे म्हटले आहे. हे विधान सुटे करून कोणी आजच्या मेंदूविज्ञानाशी जोडील, म्हणून सांगणे प्राप्त आहे की, त्या धारणेचे मूळ त्यांनी मनात शोधले नाही. शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा हे तिचे मूळ असून ती श्रद्धा नष्ट केल्याशिवाय धारणा जाणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. धारणा मनात असते आणि कारण मनाबाहेर असते, हा भेद त्यांनी ज्या स्पष्टतेने केला, तो मेंदूच्या चित्रांवर बोलणाऱ्या बहुतेकांना करता आलेला नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात शाळकरी मुलांना वाटकोडी सोडवावयास दिली. त्यांचा २००६ सालचा निबंध सांगतो की, जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत अंतर नव्हते. सर्वांदेखत जात उच्चारली तेव्हा ते पडले. येथेही मुलांचे मेंदू तेच होते.

शेवटी एका अशा अभ्यासाविषयी लिहितो, जो आपल्या बाजूचा म्हणून मला प्रिय आहे. २०१३ साली अनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर चाचणी घेतली. उसाचे पैसे एकदाच हाती येतात आणि त्याआधीचे महिने कसे काढावे लागतात, हे महाराष्ट्रातील वाचकांना समजावून सांगावयास नको. आकृत्यांतील क्रम ओळखणे, पडद्यावर ‘५ ५ ५’ दिसले तर ‘तीन’ म्हणणे, अशा त्या चाचण्या होत्या. पैसे येण्यापूर्वी तोच शेतकरी अधिक चुकत होता, पैसे आल्यावर कमी. गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, या प्रतिष्ठित समजुतीला हे थेट उत्तर होते. आणि मी ते एका वर्गात अत्यंत निःशंकपणे सांगितले होते. पुढे २०१६ साली अमेरिकेतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा पगारापूर्वी आणि पगारानंतर अभ्यास झाला, त्यात बुद्धीच्या चाचण्यांत असा फरक आढळला नाही. २०२१ साली टंचाईच्या मानसिक परिणामांवरील २० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. त्यांपैकी चारच मूळ निष्कर्षाशी स्पष्टपणे जुळले. वर्षातून एकदा येणारे उसाचे पैसे आणि महिन्याला येणारा पगार यांत फरक आहे, हे खरे. तमिळनाडूचा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही, पण मी सांगितला तितका पक्काही राहत नाही. हॉफ आणि पांडे यांच्या निबंधालाही हाच न्याय लावावा लागेल. अमिग्डलेच्या वेळी ज्या कसोटीवर बोट ठेवले, ती येथे बाजूला ठेवण्याची सोय मला नाही. त्या वर्गातील विद्यार्थी आता पांगले आहेत. त्यांच्यापैकी जे हा अंक वाचतील त्यांनी आपल्या वहीत २०१६ आणि २०२१ ही दोन वर्षे त्या उदाहरणासमोर लिहून घ्यावीत.